शस्त्रवैद्य सर हेन्री सूटर

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, लिव्हरपूल बंदरासमोर मर्सी नदीच्या पैलतीरी, बर्कनहेड नावाचे शहर आहे. तेथे इ. स. 1875 च्या डिसेंबर महिन्याच्या 14 व्या तारखेस हेन्री सेशन्स सूटर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील रॉबिन्सन सूटर हे पुढे काही वर्षे पार्लमेंटाचे सभासद होते. सूटर हे आडनाव स्कॉटलंडातील असून त्या देशाच्या बोलीत त्याचा अर्थ जोडे शिवणारा असा होतो. आडनावांस फारसे महत्त्व देऊ नये हे आम्ही जाणतो; तथापि ज्या पुरुषाचे सर्व आयुष्य सुई, दोरा आणि हत्यारे यांच्या संगतीत गेले, त्याच्या वाट्यास हे नाव यावे याची आम्हांस मौज वाटते.

हेन्री यांचे शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले. तेथील क्वीन्स कॉलेजात त्यांनी वैद्यकाचा नव्हे, तर गणिताचा अभ्यास केला आणि त्यात उत्तम यश संपादिले. गणिताखालोखाल त्यांस यंत्रविद्येची गोडी होती. लोखंड कापणे, तार वळविणे, धातूचे जोड बसविणे ही कामे ते स्वतःच्या हातांनी करीत आणि त्यात त्यांस कमीपणा वाटत नसे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे गणिताच्या तासास डॉक्टरीच्या धंद्यात बीजगणिताचा उपयोग काय असे विचारतात, त्यांनी पुढील हकीकत लक्षपूर्वक वाचावी. गणित व यंत्रे यांनंतर सूटर यांनी वैद्यकाकडे मोर्चा वळविला व लंडन शहराच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत असलेल्या लंडन हॉस्पिटलात ते शिकावयास राहिले. 1909 साली ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेचे फेलो झाले. ज्या रुग्णालयात शिकले त्याच रुग्णालयात त्यांनी पुढे शस्त्रवैद्य म्हणून आयुष्य घालविले.

1914 साली पहिले महायुद्ध पेटले. तेव्हा सूटर बेल्जमच्या फील्ड हॉस्पिटलाचे मुख्य शस्त्रवैद्य होऊन अँटवर्प येथे गेले. जर्मन तोफांचा मारा शहरावर सुरू झाला, तेव्हा जखमी शिपायांस घेऊन त्यांस तेथून निघावे लागले आणि फर्न या लहानशा गावी पुन्हा रुग्णालय मांडावे लागले. या दिवसांचा वृत्तांत त्यांनी एका पुस्तकात लिहिला असून तो 1915 साली प्रसिद्ध झाला. बेल्जमच्या राजाने त्यांस मानचिन्ह दिले. परंतु आमच्या मते त्या रणभूमीवर त्यांस याहून मोलाची एक गोष्ट मिळाली. छाती उघडी पडलेला मनुष्य लगेच मरतोच असे नाही, हे तेथे काम करणाऱ्या शस्त्रवैद्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

युद्धानंतर लंडनास परतल्यावर सूटर यांनी आपल्या यंत्रविद्येचा उपयोग रोग्यांसाठी आरंभिला. अन्ननलिकेत कर्करोगाची गाठ झाली म्हणजे घास खाली उतरत नाही आणि मनुष्य अन्नावाचून झिजत जातो. अशांसाठी त्यांनी जर्मन सिल्व्हरच्या तारेची, स्प्रिंगप्रमाणे वेटोळी घातलेली एक नळी तयार केली. ती गाठीतून खाली बसविली म्हणजे रोगी निदान दूध-पेज गिळू शकत असे. ही नळी त्यांच्या नावाने जगभर ओळखली गेली व कित्येक दशके वापरात राहिली. वाफेच्या उष्णतेने चालणारे डाग देण्याचे हत्यारही त्यांनी बनविले आणि रेडियमच्या उपयोगासंबंधी पुष्कळ काम केले. एवढेच केले असते तरी त्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले असते. परंतु ज्या एका तासामुळे आम्ही आज हे चरित्र लिहावयास घेतले, तो तास 1925 सालच्या मे महिन्यातला आहे. तो समजण्यासाठी हृदयाच्या झडपांची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे.

आपल्या माळशिरस तालुक्यातील मुलांस पाटाचे दार ठाऊक आहे. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी चारीत सोडताना दार उघडतात व पाळी संपली की पाडतात. हृदयात अशी चार दारे आहेत. मात्र ती पाडावयास पाटकरी लागत नाही. रक्त पुढे ढकलले गेले की ती आपण होऊन उघडतात व मागे परतू लागले की मिटतात. दिवसातून सुमारे एक लाख वेळा त्यांची ही उघडझाप चालते. डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमध्ये जी झडप आहे तिला दोनच पडदे असतात. बिशप लोक उपासनेच्या वेळी जी दोन टोकांची उंच टोपी घालतात तिला मायटर म्हणतात. या झडपेचा आकार तसा दिसतो म्हणून तिला मायट्रल हे नाव पडले. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले सर्व रक्त याच दारातून पुढे जाते.

निरोगी मोठ्या माणसात हे दार चार ते सहा चौरस सेंटिमीटर एवढे उघडते. काही रोग्यांत त्याचे दोन्ही पडदे कडांशी एकमेकांस चिकटतात, जाड व ताठ होतात आणि दार एक चौरस सेंटिमीटर एवढेच उरते. पाटाचे दार अर्धवट अडकले तर काय होते? पुढची चारी कोरडी राहते व मागे पाणी तुंबून काठावरून वाहू लागते. त्याप्रमाणे रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. रोगी जिना चढताना धापा टाकतो, पुढे रात्री उताणा निजू शकत नाही, खोकल्यातून रक्त पडते. कधी तुंबलेल्या रक्तात गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू किंवा मृत्यू ओढवतो. कित्येकदा याच्या उलट प्रकार होतो. पडदे आखडतात, दार पुरते मिटत नाही व रक्त मागे गळत राहते. काही दुर्दैवी रोग्यांत हे दोन्ही दोष एकाच झडपेत असतात.

हा रोग बहुधा बाळपणीच सुरू होतो. एका जातीच्या जंतूंमुळे घसा दुखतो व ताप येतो. घसा दोन-चार दिवसांत बरा होतो, म्हणून कोणी विशेष लक्ष देत नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे, कोपरे असे एकेक सांधे सुजू लागतात. काही मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात व शाळेत अक्षर बिघडले म्हणून त्यांस शिक्षा होते. हेही जाते. परंतु अशा तापात झडपांस जो दाह झालेला असतो तो मागे व्रण ठेवून जातो आणि तापाच्या प्रत्येक नव्या फेऱ्याबरोबर तो व्रण वाढतो. दाट वस्ती, एका खोलीत अनेक माणसांनी निजणे आणि वेळेवर औषध न मिळणे, या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे या रोगाचे ठाणे असते. व्हाइटचॅपलच्या चाळींत तो 1925 साली होता. इंग्लंडातून तो आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. आपल्या देशातून झालेला नाही. ऊसतोडणीच्या हंगामात कोपीत निजणाऱ्या मुलाच्या दुखऱ्या घशाकडे कोण पाहतो, याचा विचार आमच्या पालकवर्गाने अवश्य करावा.

झडप चिकटली असेल तर ती हत्याराने मोकळी का करू नये? हा प्रश्न 1902 साली लंडनचे विख्यात वैद्य सर लॉडर ब्रंटन यांनी लॅन्सेट या साप्ताहिकातून जाहीरपणे विचारला होता. लगेच त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. हृदयाला हात लावणे हा वैद्यकाचा विषयच नव्हे, असा तेव्हा बहुतेकांचा समज होता. शिवाय सर जेम्स मॅकेंझी यांसारख्या थोर हृदयवैद्यांचे मत असे होते की, रोगी दगावतो तो झडपेमुळे नव्हे, तर हृदयाचा स्नायू दुबळा झाल्यामुळे. मग झडप उघडून काय लाभ? हे मत त्या काळी इतके मान्य होते की, ब्रंटन यांची सूचना वीस वर्षे तशीच पडून राहिली. 1923 सालच्या 20 मे रोजी अमेरिकेत बोस्टन शहरी एलियट कटलर यांनी एका लहान मुलीच्या हृदयात खालच्या कप्प्यातून चाकू घालून मायट्रल झडप कापली. मुलगी सुमारे साडेचार वर्षे जगली. परंतु कटलर यांच्या पुढच्या रोग्यांपैकी कोणीही फार काळ वाचले नाही आणि ते दशक संपण्यापूर्वीच त्यांनी हा उद्योग सोडून दिला.

सूटर यांचा विचार निराळ्या वाटेने चालला होता, व येथे त्यांच्यातील गणिती आणि कारागीर हे दोघेही दिसतात. चाकू डोळ्यांवाचून चालतो आणि धडधडणाऱ्या, रक्ताने भरलेल्या हृदयात डोळ्यांस काहीच दिसावयाचे नाही. तेव्हा डोळ्यांचे काम करील असे साधन पाहिजे. ते साधन म्हणजे शस्त्रवैद्याचे स्वतःचे बोट होय. खालच्या कप्प्याची भिंत जाड असून तिचा जोर मोठा असतो. वरच्या कप्प्यात दाब कमी असतो आणि त्याला कानाच्या पाळीसारखा एक कोपरा बाहेर आलेला असतो. त्या कोपऱ्यास छेद घेऊन बोट आत सारले तर छिद्राभोवतीची कड बोटास घट्ट आवळून धरता येईल, रक्त बाहेर येणार नाही, आणि बोट सरळ झडपेपाशी पोहोचेल. ही योजना ऐकावयास सोपी वाटते. पण तिच्या आधी जिवंत माणसाच्या हृदयातील झडप आतून बोटाने कोणी चाचपून पाहिली नव्हती.

प्रसंगही आला. लंडन हॉस्पिटलात एक पंधरा वर्षांची मुलगी होती. आमच्या वरच्या वर्गातील मुलींच्याच वयाची. लहानपणापासून तिला वर सांगितलेल्या तापाने व हातपाय हलण्याच्या विकाराने पछाडले होते, रुग्णालयाच्या खेपा चालू होत्या आणि आता ती थोड्याशा श्रमानेही धापा टाकीत असे. औषधांनी जे होण्यासारखे होते ते करून झाले होते. 1925 च्या मे महिन्याच्या 6 व्या तारखेस सूटर यांनी तिच्यावर शस्त्रक्रिया केली.

छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस मिटते. ते टाळण्यासाठी तिच्या श्वासनलिकेत नळी घालून ईथरमिश्रित हवा आत सोडीत ठेवली होती. डाव्या बाजूस बरगड्यांचा भाग झडपेसारखा उचलून हृदय उघडे करण्यात आले. वरच्या कप्प्याच्या त्या कोपऱ्याच्या मुळाशी मऊ चिमटा लावून रक्त अडविले, कडेने टाके घालून ठेवले, छेद घेतला आणि सूटर यांनी आपल्या डाव्या हाताची तर्जनी आत सारली. मग चिमटा सैल केला. बोट आत सुमारे दोन मिनिटे होते. जोवर ते वरच्या कप्प्यात होते तोवर हृदयाच्या चालीत काहीच फरक पडला नाही. पण ते झडपेच्या दारात शिरताच रक्ताचा दाब एकदम शून्यावर आला. ज्या दारातून सारे रक्त जावयाचे तेच बोटाने बुजले, दुसरे काय होणार! बोट मागे घेताच दाब पुन्हा पूर्ववत झाला.

त्या दोन मिनिटांत सूटर यांस जे कळले ते अपेक्षेपेक्षा वेगळे होते. झडप चिकटलेली होती, पण फारशी नव्हे. उलट प्रत्येक ठोक्याला मागे फेकलेल्या रक्ताची जोराची धार त्यांच्या बोटास लागत होती. म्हणजे गळतीच अधिक होती. पडदा कापण्यासाठी बारीक पात्याचे हत्यार तयार होते. ते घालून झडप कापली असती तर गळती वाढून मुलगी दगावली असती. सूटर यांनी हत्यार घातले नाही. बोटाने जेवढे दार रुंद होईल तेवढे करून ते थांबले. आमच्या मते या शस्त्रक्रियेतील सर्वांत मोठी गोष्ट बोट आत घालण्यात नसून पाते बाहेर ठेवण्यात आहे. वर्षानुवर्षे मनात घोळविलेली योजना हाताशी आली असता, आत जे सापडले त्याप्रमाणे ती जागच्या जागी बदलणे फार थोड्यांस साधते.

बोट काढून घेताना एक टाका फाटून सुटला आणि रक्ताचा लोट आला. त्यांनी तो कोपरा बोटांनी दाबून धरला, दोरीने बांधला व संकट टळले. छाती शिवून झाली तेव्हा आरंभापासून बरोबर एक तास झाला होता. मुलीची प्रकृती चांगली होती. सहा आठवडे तिला बिछान्यात ठेवले व नंतर हवापालटासाठी खेड्यात धाडले. तीन महिन्यांनी ती आपल्याला बरे वाटते असे सांगत होती; मात्र श्रम केल्यास थोडी धाप लागे आणि तपासणीत हृदयाची स्थिती पूर्वीपेक्षा फारशी बदललेली दिसत नव्हती. सूटर यांनी हे सर्व, न बदललेल्या गोष्टींसुद्धा, 3 ऑक्टोबर 1925 च्या ब्रिटिश मेडिकल जर्नल या साप्ताहिकात प्रसिद्ध केले. शरीराच्या इतर अवयवांप्रमाणेच हृदयावरही शस्त्रक्रिया करता येईल, असे मत त्यांनी त्या लेखात निःशंकपणे मांडले.

ती मुलगी पाच वर्षे जगली. 1930 साली मेंदूत रक्ताची गुठळी जाऊन तिचा अंत झाला. त्या पाच वर्षांचा किती भाग सूटर यांच्या बोटाचा आणि किती भाग तिच्या प्रकृतीचा हे ठरविणे कठीण आहे. झडपेची गळती जशीच्या तशी राहिली होती व मूळ तापही तिच्या शरीरातून गेला नव्हता. प्रामाणिकपणे बोलावयाचे तर या शस्त्रक्रियेने तिचा रोग बरा झाला नाही. हृदयात बोट घातल्याने ती मेली नाही, एवढेच सिद्ध झाले. आणि 1925 साली हेच सिद्ध व्हावयाचे होते.

आता हकीकतीचा खेदजनक भाग. या यशानंतर सूटर यांच्याकडे असे आणखी रोगी येतील असे कोणासही वाटेल. एकही आला नाही. शस्त्रवैद्याकडे रोगी पाठविणे हे औषधवैद्यांच्या हाती असते, आणि त्यांनी हा प्रकार निरर्थक व अयोग्य ठरविला. छत्तीस वर्षांनी, 1961 साली, ड्वाइट हार्कन या अमेरिकन शस्त्रवैद्यास लिहिलेल्या पत्रात सूटर यांनी हेच कारण सांगितले व काळाच्या पुढे जाण्यात फारसा उपयोग नसतो असा अभिप्राय दिला. त्या वैद्यांस केवळ हट्टी म्हणून मोकळे होणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. तेव्हा पेनिसिलिन नव्हते, रक्तपेढ्या नव्हत्या, छातीच्या शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची विद्या बाल्यावस्थेत होती. जगात तोवर झालेल्या अशा मोजक्या शस्त्रक्रियांतील बहुतेक रोगी मरण पावले होते. आपल्या रोग्यास अशा ठिकाणी पाठविताना विचारी वैद्य कचरणारच. परंतु दुसरी बाजूही आहे. न पाठविलेला रोगी तरी कोठे जगत होता? तो घरी, उशांच्या ढिगाला टेकून, श्वासासाठी झगडत मरत होता व त्याची नोंद कोणाच्या अपयशात होत नव्हती. शस्त्रक्रियेत झालेले मृत्यू मोजले गेले, तिच्यावाचून झालेले मोजले गेले नाहीत. या हिशेबातील चूक दिसावयास दोन दशके गेली.

सूटर यांनी याचा कडवटपणा धरल्याचे दिसत नाही. ते आपल्या इतर कामास लागले. अन्ननलिका, मेंदू, कर्करोग, रेडियम यांवर त्यांनी काम केले व लिहिले, रॉयल कॉलेजचे उपाध्यक्षपद भूषविले आणि 1945 साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे ते अध्यक्ष झाले. इंग्लंडात सर्व प्रजेस सरकारी वैद्यकीय मदत देण्याची योजना तेव्हा चर्चेत होती. 1949 साली त्यांस सर हा किताब मिळाला.

मधल्या काळात दुसरे महायुद्ध होऊन गेले. त्यात वर उल्लेखिलेल्या हार्कन यांनी इंग्लंडातील सैनिकी रुग्णालयात 134 शिपायांच्या हृदयातून वा हृदयालगतच्या भागातून गोळ्या व लोखंडाचे तुकडे काढले आणि त्यांपैकी एकही दगावला नाही. मग 1948 साल उजाडले. 10 जून रोजी फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांनी, सहाच दिवसांनी बोस्टन येथे हार्कन यांनी, आणि सप्टेंबर महिन्यात लंडनच्या गायज हॉस्पिटलात रसेल ब्रॉक यांनी मायट्रल झडप मोकळी केली. पुढे जी पद्धत सर्वत्र रूढ झाली ती तेवीस वर्षांपूर्वीचीच होती: वरच्या कप्प्याचा तोच कोपरा, तेच बोट, आणि पाते लागेल तेथेच पाते. बेली यांचे आधीचे चार रोगी दगावले होते. पाचवी रोगी चोवीस वर्षांची तरुणी होती. ती त्यानंतर सुमारे 38 वर्षे जगली व मुलांची आई झाली. सूटर तेव्हा बहात्तर वर्षांचे होते.

यानंतर अशा शस्त्रक्रिया हजारोंनी झाल्या. आपल्या मुंबईत परळ येथील किंग एडवर्ड मेमोरियल हॉस्पिटल 1926 साली, म्हणजे सूटर यांच्या शस्त्रक्रियेच्या पुढल्याच वर्षी, सुरू झाले होते. तेथील शस्त्रवैद्य प्रफुल्लकुमार सेन यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात हृदयाच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. फेब्रुवारी 1968 मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण त्यांनीच केले. तो रोगी काही तासच जगला, आणि वर्तमानपत्रांनी त्या काही तासांचा मोठा गाजावाजा केला. मिटल्या हृदयात बोट घालून झडप मोकळी करून घेतलेले व घरी परतून पुन्हा शेतास, चुलीस, गिरणीस लागलेले लोक मात्र वर्तमानपत्रांत आले नाहीत. आम्हांस हे दुसरे काम अधिक मोठे वाटते.

या रोग्यांचे पुढे काय झाले, हे पाहिल्यावाचून या विद्येची खरी किंमत कळत नाही. झडप मोकळी केल्यावर बहुतेकांस तत्काळ आराम पडे. उताणे निजता येऊ लागे. परंतु दहा-पंधरा वर्षांत पुष्कळांची झडप पुन्हा चिकटे, कारण शस्त्रवैद्य दार उघडू शकतो, दाराला लागलेला रोग काढू शकत नाही. कित्येकांस दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. 1953 साली, योगायोग असा की 6 मे या त्याच तारखेस, फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुसे यांचे काम काही वेळ बाहेरून करणाऱ्या यंत्राच्या साह्याने एका तरुणीवर यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्यामुळे हृदय रिकामे करून झडप डोळ्यांनी पाहणे शक्य झाले. 1960 पासून कृत्रिम झडपा बसविता येऊ लागल्या. 1990 साली त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत बनलेली भारतीय झडप प्रथम रोग्यास बसविली गेली. धातूची झडप पुष्कळ टिकते. पण तीवर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर औषध घ्यावे लागते व वरचेवर रक्त तपासावे लागते. खेड्यातील गरिबास हे किती जड जाते हे आम्ही पाहतो. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेस असे जन्मभराचे औषध सहसा लागत नाही. पण ती तरुणांत लवकर झिजते. म्हणून शक्य तेथे रोग्याची स्वतःचीच झडप दुरुस्त करावी, या मताकडे शस्त्रवैद्य पुन्हा वळले. फ्रान्सच्या आलँ कार्पांतिए यांनी ती कला शास्त्रशुद्ध केली. वयोमानाने सैल पडलेली झडप दुरुस्त केली तर ती बहुतेकांत वीस-वीस वर्षे चांगली चालते असे दिसून आले आहे. लहानपणच्या तापाने बिघडलेल्या झडपेची दुरुस्ती तितकी टिकत नाही. तिचे आयुष्य पुष्कळ अंशी दर तीन-चार आठवड्यांनी द्यावयाच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनावर अवलंबून असते. शस्त्रक्रिया करून गावी परतलेले मूल बरे दिसू लागले की ही इंजेक्शने प्रथम चुकतात, मग बंद पडतात, आणि झडप पुन्हा बिघडते. ज्या घरात असे मूल आहे त्यांनी पुढच्या इंजेक्शनाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

सर हेन्री सूटर यांचा मृत्यू लंडन येथे 12 नोव्हेंबर 1964 रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी झाला. तोवर त्यांची पद्धत जगातील सर्व मोठ्या रुग्णालयांत चालू होती. पुढे 1980 नंतर जपानच्या कांजी इनोउए यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन तो झडपेत फुगविण्याची रीत काढली, तेव्हा छाती उघडण्याची गरज पुष्कळांस उरली नाही आणि बोटाची जागा फुग्याने घेतली. फुगाही दार रुंदच करतो, कापीत नाही. आणि गळती जास्त असेल तर तो घालीत नाहीत. ज्या मुलीमुळे ही वाट प्रथम चालली गेली, तिचे नाव सूटर यांनी आपल्या लेखात छापले नव्हते. तेथे केवळ दोन आद्याक्षरे आहेत.